द्वारपाल कोणाचें घड्याळ पाहतो?

मुंबई शहरांत एके काळीं दोन वेळा चालत असत, ही गोष्ट आजच्या विद्यार्थ्यांस नवलाची वाटेल. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानांत एक प्रमाणवेळ सुरू झाली व आगगाड्या तिच्याप्रमाणें धावत. परंतु मुंबईकरांनीं आपली जुनी वेळ सोडली नाहीं. 'मुंबई टाइम' हा प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटें मागें असे, आणि १९५५ सालापर्यंत तो शहरांत चालू राहिला. एका घड्याळांत दहा वाजलेले असत, तेव्हां दुसऱ्यांत नऊ वाजून एकवीस मिनिटेंच झालेलीं असत.

आतां अशा शहरांतील एका शाळेच्या फाटकावर एक प्रामाणिक द्वारपाल उभा आहे, अशी कल्पना करा. 'दहा वाजल्यानंतर येणाऱ्यास आंत सोडूं नये' असा त्यास लेखी हुकूम आहे. पण त्या बिचाऱ्याजवळ स्वतःचें घड्याळ नाहीं. जो येतो त्याच्याच मनगटावरील घड्याळ पाहून तो निर्णय देतो. दोन विद्यार्थी एकाच क्षणीं फाटकाशीं येतात. एकाच्या घड्याळांत मुंबई टाइम आहे, तो आंत जातो. दुसऱ्याच्या घड्याळांत प्रमाणवेळ आहे, तो घरीं परततो. हुकूम तोच, द्वारपाल तोच, क्षणहि तोच; न्याय मात्र दोन!

संगणकाच्या जगांत असा द्वारपाल खरोखरीच आहे. त्यास ट्रिगर म्हणतात, आणि येणाऱ्याच्या मनगटावरील त्या घड्याळास सेशनची सेटिंग म्हणतात. ह्या दोहोंचा संबंध आम्ही आज समजावून सांगणार आहों. विषय यंत्राचा असला तरी तो केवळ यंत्रज्ञांचा नाहीं. आमच्या मुलांचे गुण, आमची फी, आमचे दाखले हीं सर्व आज अशाच द्वारपालांच्या भरंवशावर आहेत.

प्रथम शब्दांचा अर्थ पाहूं. शाळेच्या कचेरींत पूर्वीं जाडजूड वह्या असत: हजेरीपट, फीची वही, दाखल्यांचें रजिस्टर. त्या आतां पुष्कळ ठिकाणीं संगणकांत गेल्या आहेत, आणि त्यांच्या व्यवस्थित संग्रहास डेटाबेस असें नांव आहे. डेटाबेसांत माहिती तक्त्यांच्या रूपानें राहते. प्रत्येक तक्त्यांत ओळी व रकाने असतात. नवी ओळ घालणें, असलेली ओळ बदलणें व ओळ काढून टाकणें, हीं तीन कामें तक्त्यावर होत असतात.

ट्रिगर म्हणजे बंदुकीचा चाप. चाप ओढतांच जशी गोळी सुटते, तसें तक्त्यावर ठराविक काम होतांच आधीं लिहून ठेवलेली एक आज्ञावली आपोआप चालू लागते. तिला कोणीं हांक मारावी लागत नाहीं. उदाहरणार्थ, गुणांच्या तक्त्यांतील एखादा आंकडा बदलला कीं जुना आंकडा, नवा आंकडा, बदलणाराचें नांव व वेळ हीं दुसऱ्या एका तक्त्यांत उतरवून ठेवावीं, असा ट्रिगर बसवितां येतो. बदल करणारास ही नोंद करण्याची आठवण ठेवावी लागत नाहीं, आणि सोयीस्कर विसर पडण्याची मुभाहि राहत नाहीं. पुढें आम्ही ह्यास 'पहारा-वही' म्हणूं.

सेशन म्हणजे बैठक. कोणी मनुष्य अथवा कोणता प्रोग्राम डेटाबेसाशीं जोडला गेला कीं बैठक सुरू होते, व तो दूर झाला कीं ती संपते. प्रत्येक बैठकींत कांहीं समजुती ठरलेल्या असतात: वेळ कोणत्या देशाची धरावयाची, तारखेंत आधीं दिवस कीं आधीं महिना, आठवड्याचा पहिला वार कोणता, चुकीचा आंकडा आला तर अडवावयाचा कीं चालवून घ्यावयाचा. ह्या समजुती म्हणजेच सेटिंग. दहा माणसें एकाच डेटाबेसाशीं एकाच वेळीं बोलत असलीं तरी प्रत्येकाची बैठक निराळी असते, आणि तिच्या समजुतीहि निराळ्या असूं शकतात.

येथें सर्व मर्म आहे. ट्रिगर हा तक्त्याचा. सेटिंग ही बैठकीची. ट्रिगर तक्त्याजवळ कायम राहतो, पण चालतो मात्र कोणाच्या तरी बैठकींत. म्हणून बैठकीच्या समजुती त्याच्या कामांत शिरतात. हा परिणाम तीन प्रकारांनीं होतो, तो एकामागून एक पाहूं.

पहिला प्रकार असा कीं, बैठकीच्या सेटिंगमुळें ट्रिगर मुळींच चालत नाहीं. ह्याचें उदाहरण म्हणून आमच्या माहितींतील एका शाळेची हकीकत सांगतों. शाळेचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. त्या शाळेचा डेटाबेस पोस्टग्रेस ह्या प्रसिद्ध प्रणालींत होता, आणि गुणांच्या तक्त्यावर पहारा-वहीचा ट्रिगर बसविलेला होता. वार्षिक परीक्षेनंतर एका विद्यार्थ्याचे गणिताचे गुण ४७ चे ७४ झाले, आणि त्यामुळें वर्गांतील पहिला क्रमांक दुसऱ्याकडून त्याच्याकडे गेला. दुसऱ्या मुलाचे वडील कचेरींत आले. ते मुख्याध्यापकांस नम्रपणें म्हणाले, "साहेब, गुण बदलले ह्याबद्दल माझी तक्रार नाहीं. पण ते कोणीं व केव्हां बदलले, हें तुमच्या वहींत कां नाहीं?"

प्रश्न रास्त होता. पहारा-वही उघडली, तों तींत त्या बदलाची ओळच नव्हती. ट्रिगर बिघडला असेल म्हणून कचेरींतील कारकुनानें सर्वांसमक्ष एक आंकडा बदलून पाहिला. लागलीच पहारा-वहींत ओळ उमटली. मग तर संशय अधिकच बळावला. ट्रिगर शाबूत आहे आणि तरीहि नोंद नाहीं, त्या अर्थीं कोणीतरी ती मुद्दाम पुसली असली पाहिजे, असें लोक बोलूं लागले. आणि किल्ल्या ज्याच्या हातीं, त्या कारकुनाकडे बोटें वळलीं. उत्तरपत्रिका काढून पाहिली तेव्हां तींत ७४ च गुण होते. शिक्षकांनीं गुणपत्रक लिहितांना आंकड्यांची उलटापालट झाली होती, व दुरुस्तीची चिठ्ठी त्यांनींच दिली होती. बदल न्याय्य होता, परंतु न झालेल्या नोंदीचा डाग एका निरपराध मनुष्यावर तसाच राहिला.

उलगडा झाला तो असा. परीक्षेनंतर संगणकाची देखरेख करणाऱ्या गृहस्थांनीं जुन्या दहा वर्षांचे निकाल डेटाबेसांत भरण्याचें काम काढलें होतें. प्रत्येक जुन्या ओळीसाठीं ट्रिगर चालून वेळ जाऊं नये म्हणून त्यांनीं आपल्या बैठकींत 'सेशन रेप्लिकेशन रोल' ही सेटिंग 'रेप्लिका' अशी केली. काम संपलें. बैठक मात्र उघडीच होती. इतक्यांत कारकुनानें शिक्षकांची चिठ्ठी आणून दिली, आणि त्या गृहस्थांनीं त्याच बैठकींत ४७ चे ७४ केले. त्या दिवशींच्या आज्ञांची यादी त्यांच्या यंत्रावर शिल्लक होती. तींत पहिलीच ओळ ह्या सेटिंगची निघाली. कारकुनानें ट्रिगर तपासला तो स्वतःच्या बैठकींत, जेथें ही सेटिंग नव्हती. म्हणून तेथें तो चालला. पुसलेलें कांहींच नव्हतें. नोंद जन्मासच आली नव्हती.

ही सेटिंग वाईट हेतूनें निर्माण झालेली नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. एका डेटाबेसाची हुबेहूब प्रत दुसरीकडे चालू ठेवावयाची असते, तेव्हां मूळ ठिकाणीं ट्रिगरांनीं केलेल्या नोंदीहि प्रतींत आपोआप येतात. प्रतीच्या जागींहि ट्रिगर पुन्हा चालले तर प्रत्येक नोंद दोनदां होईल. म्हणून 'ही बैठक केवळ नक्कल करणारी आहे' असें सांगण्याची सोय ठेवली आहे, व ती फक्त विशेष अधिकार असलेल्यांसच वापरतां येते. परंतु ह्या सोयीचा एक लपलेला कांटा आहे. पोस्टग्रेसमध्यें एका तक्त्याचा दुसऱ्याशीं मेळ राखणारा नियम, ज्यास फॉरेन की म्हणतात, तोहि आंतून ट्रिगरांच्याच साह्यानें पाळला जातो. 'रेप्लिका' बैठकींत तोहि स्वस्थ बसतो. त्यामुळें पटावर नसलेल्या विद्यार्थ्याचे गुणदेखील तक्त्यांत बिनबोभाट शिरूं शकतात, आणि सेटिंग पूर्ववत् केल्यावर त्या ओळींची कोणी फेरतपासणी करीत नाहीं.

आपल्या खिशांतील मोबाइलमध्येंहि असाच प्रकार आढळतो. तेथें बहुधा एस्क्यूलाइट नांवाचा छोटा डेटाबेस असतो. 'रिप्लेस' ह्या आज्ञेनें नवी ओळ घातली आणि तिच्या किल्लीची ओळ आधींच तक्त्यांत असली, तर जुनी ओळ काढून तिच्या जागीं नवी बसते. ओळ निघाली म्हणजे ओळ काढण्यावरचा ट्रिगर चालावा, असें कोणासहि वाटेल. परंतु 'रिकर्सिव्ह ट्रिगर्स' ही त्या जोडणीची सेटिंग चालू असेल तरच तो चालतो. आणि कोणीं मुद्दाम चालू केल्याशिवाय ती बंद असते.

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. येथें ट्रिगर चालतो, परंतु त्याच्या शब्दांचा अर्थ बदलतो. समजा, रविवारीं फीची नोंद होऊं नये असा शाळेचा नियम आहे, आणि मायक्रोसॉफ्टच्या एस्क्यूएल सर्व्हर ह्या प्रणालींत ट्रिगर लिहिला आहे: 'वाराचा क्रमांक १ असेल तर नोंद नाकारावी.' अमेरिकन इंग्रजीची बैठक आठवडा रविवारपासून मोजते, म्हणून तेथें रविवार १ होतो व नियम बरोबर चालतो. परंतु ब्रिटिश इंग्रजीच्या बैठकींत आठवडा सोमवारपासून सुरू होतो; तेथें सोमवार १ आणि रविवार ७. एवढ्यानें तोच ट्रिगर रविवारीं फाटक उघडें ठेवील, व सोमवारीं सकाळीं रांगेंत उभ्या राहिलेल्या पालकांस परत पाठवील.

ह्यावर एक सुंदर उपाय आहे, आणि तो आमच्या विद्यार्थ्यांस पाटीवर करून पाहतां येईल. बैठकीचा पहिला वार कोणता, हें ट्रिगरास विचारतां येतें. उत्तर सोमवारास १ पासून रविवारास ७ पर्यंतच्या आंकड्यांत मिळतें. वाराच्या क्रमांकांत हा आंकडा मिळवा आणि बेरजेस ७ नें भागा. अमेरिकन बैठकींत रविवार १ व पहिला वार ७. बेरीज ८, बाकी १. ब्रिटिश बैठकींत रविवार ७ व पहिला वार १. बेरीज ८, बाकी १. सोमवार घ्या: एकीकडे २ अधिक ७, दुसरीकडे १ अधिक १, दोन्हीकडे बाकी २. घड्याळें निराळीं असलीं तरी ह्या हिशेबानें द्वारपालास एकच वार दिसतो.

वेळेचें असेंच आहे. मायएस्क्यूएल प्रणालींत ट्रिगरानें 'आतां किती वाजले?' असें विचारलें, तर उत्तर बैठकीच्या वेळेप्रमाणें मिळतें. फी भरण्याची शेवटची तारीख ३१ मे आहे असें धरा. एका पालकांनीं १ जूनच्या मध्यरात्रीनंतर दहा मिनिटांनीं घरबसल्या पैसे भरले. बैठक भारतीय वेळेची असेल तर ट्रिगर त्यांवर उशिराचा दंड चढवील. पण बैठक जागतिक वेळेवर, म्हणजे आपल्या साडेपांच तास मागें असेल, तर तेथें अद्याप ३१ मेची संध्याकाळ, सहा वाजून चाळीस मिनिटें आहेत. दंड होणार नाहीं. एका प्रोग्रामांतून भरणारास दंड आणि दुसऱ्यांतून भरणारास माफी, असा पंक्तिप्रपंच कोणाच्याहि मनांत नसतां घडतो.

नांवाच्या बाबतींतहि हाच धोका आहे. पुष्कळ ठिकाणीं शेंकडों लोक मिळून थोड्याच बैठका आळीपाळीनें वापरतात. प्रत्येकासाठीं नवी बैठक उघडणें महाग पडतें. काम करणारा आपलें नांव बैठकीच्या एका सेटिंगमध्यें ठेवतो, व पहारा-वहीचा ट्रिगर तेथून तें उचलतो. पहिला मनुष्य उठून गेला, पण त्याचें नांव तेथून पुसलें गेलें नाहीं, आणि दुसऱ्यानें आपलें नांव न सांगतां काम केलें, तर दुसऱ्याची कृति पहिल्याच्या नांवावर चढते. नोंद नसण्यापेक्षां खोटी नोंद असणें हें अधिक भयंकर होय.

तिसरा प्रकार ह्याच्या उलट आहे. कांहीं सेटिंग ट्रिगर जन्मास येतांना त्याच्याबरोबर कायमच्या बांधल्या जातात, व पुढें बैठक कशीहि असली तरी त्या बदलत नाहींत. मायएस्क्यूएलमध्यें 'एस्क्यूएल मोड' ही सेटिंग अशी आहे. आलेलें मूल्य रकान्यांत मावत नसेल तर कडक मोडमध्यें प्रणाली काम अडविते. सैल मोडमध्यें ती केवळ सूचना देऊन मूल्य छाटते. १२७ पर्यंतच आंकडे मावतील अशा रकान्यांत ७४ च्या ऐवजीं चुकून ७४० आले, तर सैल मोडमध्यें तेथें १२७ लिहिले जातील! २०१५ सालच्या ५.७ ह्या आवृत्तीपासून कडक मोड हा मूळचाच ठरविलेला आहे. परंतु त्यापूर्वीं सैल बैठकींत बनविलेला ट्रिगर आजच्या कडक बैठकींतहि स्वतःपुरता सैलच राहतो. तो काढून, कडक बैठकींत नव्यानें बनविल्याशिवाय त्याचा स्वभाव पालटत नाहीं.

एस्क्यूएल सर्व्हरमध्यें तर दोन्ही रीति शेजारीं शेजारीं नांदतात. कोऱ्या रकान्याशीं तुलना कशी करावी हें सांगणारी 'अँसी नल्स' ही सेटिंग ट्रिगराबरोबर जन्मतःच साठविली जाते. आठवड्याचा पहिला वार किंवा तारखेचा क्रम ठरविणारी सेटिंग मात्र बोलावणाऱ्या बैठकींतून येते. म्हणजे आमच्या द्वारपालाचा चष्मा स्वतःचा आहे, घड्याळ मात्र परक्याचें. कोणती वस्तु कोणाची, हें ज्यास माहीत नाहीं, त्यानें ट्रिगरावर आंधळा विश्वास टाकूं नये.

मग करावें काय? आमच्या मतें चार गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, जो ट्रिगर प्रामाणिकपणाचा पहारा करतो तो कोणत्याहि बैठकींत झोपूं नये; पोस्टग्रेसमध्यें 'ईनेबल ऑलवेज' अशी आज्ञा देऊन त्यास 'रेप्लिका' बैठकींतहि जागा ठेवतां येतें. दुसरी, कांहीं काळापुरती सेटिंग बदलावयाची झाल्यास 'सेट लोकल' ह्या आज्ञेनें ती एकाच व्यवहारापुरती बदलावी. व्यवहार संपतांच ती आपोआप पूर्ववत् होते, मनुष्याच्या आठवणीवर राहत नाहीं. तिसरी, ट्रिगरास लागणारी वेळ, वार व तारखेचा क्रम हीं त्याच्याच आज्ञावलींत स्पष्ट लिहावीं. पोस्टग्रेसमध्यें ट्रिगराच्या आज्ञावलीसच तिची स्वतःची सेटिंग जोडतां येते. ती चालेपर्यंत तीच लागू राहते, व नंतर बैठकीची सेटिंग परत येते. चौथी, ट्रिगराची परीक्षा एकाच बैठकींत घेऊन समाधान मानूं नये. सेटिंग पालटून पुन्हा घ्यावी. वरील शाळेंत हीच चौथी गोष्ट झाली असती, तर एका गरीब कारकुनास कित्येक दिवस खालीं मान घालून वावरावें लागलें नसतें.

त्या शाळेंत पुढें काय झालें, तें सांगून लेख पुरा करतों. देखरेख करणाऱ्या गृहस्थांनीं आपली चूक स्वतः होऊन कबूल केली. पहारा-वहींत ती राहिलेली ओळ खऱ्या तारखेसह, 'मागाहून लिहिली' असा शेरा मारून घालण्यात आली. मुख्याध्यापकांनीं त्या पालकांस बोलावून सर्व प्रकार समजावून दिला. पालक उठले ते सरळ कारकुनाच्या टेबलाशीं गेले व म्हणाले, "रागावूं नका; मी प्रश्न विचारला होता, आरोप केला नव्हता." कारकुनानें उत्तर दिलें, "आपण विचारलें म्हणूनच उलगडा झाला."

आमच्या पालकवर्गास एवढीच विनंति कीं, यंत्रांत नोंद नाहीं म्हणून मनुष्य खोटा, असें एकदम ठरवूं नये. आणि नोंद आहे म्हणून ती खरीच, असेंहि मानूं नये. प्रश्न मात्र अवश्य विचारावा. विद्यार्थ्यांपैकीं कित्येकजण उद्यां असे द्वारपाल बसविण्याचें काम करतील. त्यांनीं हुकूम लिहितांना घड्याळ कोणतें तेंहि त्यांतच लिहावें. 'दहा वाजतां दरवाजा बंद करावा' हा अर्धा नियम झाला; 'प्रमाणवेळेनें दहा वाजतां' हा पुरा नियम होय.